पिशवीत आरवलेला कोंबडा

मित्रांनो, मी आहे एक जुनी पिशवी, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी फार दमले आहे. भाजीच्या पिशव्याही दमतात, नाही असं नाही. पण त्यांच्या वाट्याला निदान कोथिंबिरीचा वास येतो. माझ्या वाट्याला आले ते फक्त फोन. चोरांचे फोन, खोटी नावं घेऊन हिंडणारे फोन, आणि कधी कधी बिचाऱ्या निरपराध माणसांचे फोन.

बाहेरून मी करडी आणि राकट. आतून मात्र चंदेरी. त्या अस्तरात धातूची बारीक जाळी विणलेली आहे. माझ्या पोटात फोन घातला आणि माझं तोंड दुमडून नीट चिकटवलं, की त्या फोनची रेंज बंद. त्याला कुणाची हाक ऐकू येत नाही आणि त्याची हाक कुणाला जात नाही. पोलिसांना याची काय गरज, असं तुम्ही विचाराल. तर गुन्ह्यातला फोन पोलिसांच्या हाती लागला, तरी खरा गुन्हेगार दूर कुठेतरी बसून त्यातल्या खुणा पुसू शकतो. म्हणून फोन आधी माझ्या पोटात जातो, मग बाकीचं सगळं. गप्प बसवणं, एवढंच माझं काम आहे.

मला शिवणाऱ्या बाईनं माझ्या पोटात स्वतःचाच फोन घालून पाहिला होता. शेजारणीला म्हणाली, "लाव गं मला फोन." शेजारणीनं लावला, तो काही लागला नाही. दोघी खुदकन हसल्या आणि मी पास झाले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे फारशा मिळाल्या नाहीत.

तिथून मी रायगडात आले, एका पोलीस ठाण्यात. कुठल्या, ते विचारू नका. कर्जत-खालापूर भागात ठाणी काय कमी आहेत? आल्या आल्या माझं कोण कौतुक झालं! साहेबांनी सगळ्यांना गोळा करून मला दाखवलं. "ही साधी पिशवी नाही. हिला जपायचं," असं बजावलं. मी तेव्हा नवी होते, मला ते खरं वाटलं.

मग कामाला जुंपले गेले. 'मी बँकेतून बोलतोय' म्हणून म्हाताऱ्यांना गंडवणाऱ्याचा फोन आला. एका कॉलेजच्या मुलीचा चेहरा भलत्याच फोटोला चिकटवणाऱ्याचा फोन आला. ती मुलगी ठाण्यात आईच्या पदराआड बसून रडत होती आणि तो फोन माझ्या पोटात मुकाट पडला होता. अशा वेळी मला वाटायचं, एक जण तरी आता गप्प बसला. पण दुसऱ्या दिवशी नवा फोन यायचा. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. हे दळण संपतच नाही, मित्रांनो.

आणि काम नसे तेव्हा? तेव्हा मी पदू हवालदारांच्या टेबलाखाली पडून असे. पदू मनानं लोण्यासारखा मऊ माणूस. पण एक दिवस त्यांना शोध लागला, की माझ्या चंदेरी पोटात डबा ठेवला तर भाकरी दुपारपर्यंत गरम राहते. झालं! "थर्मास झक मारतो हिच्यापुढं," असं म्हणत ते रोज डबा माझ्यात कोंबू लागले. तोही सुक्या बोंबलाचा. वासाचं एक वेळ सोडून द्या. पण त्या स्टीलच्या डब्याची कडी माझ्या अस्तराच्या एका कोपऱ्याला रोज घासायची. घासून घासून तिथली जाळी विरली आणि तिथे भोक पडलं. मी ओरडणार कशी? मला तोंड दिलंय ते मिटून बसण्यासाठी.

भात झोडणीचे दिवस होते. तेव्हा एक निरोप या फोनवरून त्या फोनवर पळत सुटला. 'बांगड्या विकायला येणारी ही बाई पोरं पळवणाऱ्या टोळीतली आहे. दिसली की धरा.' खाली फोटो होता सुरेखाबाईंचा.

सुरेखाबाई डोक्यावर टोपली घेऊन वाड्यावाड्यांतून बांगड्या भरत फिरायच्या. गेली कित्येक वर्षं. पोशीरपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत अशी बाई सापडायची नाही, जिचा हात त्यांनी हातात घेतला नसेल. आणि तरी त्या निरोपानं लोकांची मती फिरली. एका गावाच्या रस्त्यावर माणसांनी त्यांना घेरलं, टोपली आपटली, आणि त्यांचा उजवा हात मोडला. मारणाऱ्यांत बायकाही होत्या. त्यांच्या मनगटांत सुरेखाबाईंनीच भरलेल्या बांगड्या होत्या. हे ऐकलं तेव्हा माझ्या आतली जाळी शहारली.

तपास आला नम्रता मॅडमकडे. त्या आमच्या ठाण्यातल्या फौजदार, सायबरचं प्रशिक्षण घेतलेल्या. निरोप मागे मागे शोधत त्या पहिल्या फोनपर्यंत पोचल्या. तो फोन होता पारूचा. पोशीर गावाच्या वरच्या अंगाला ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, तिथली ही पारू. मॅडम मला काखोटीला मारून वाडीवर निघाल्या, मागून पदू धापा टाकत आले.

वाडीच्या वर टेकाडावर ऐनाचं एक झाड होतं. त्याच्या फांद्यांना प्लॅस्टिकच्या थैल्या लटकत होत्या आणि प्रत्येक थैलीत एक फोन. खाली एक म्हातारा टोपली विणत बसला होता. तो गोमा, पारूचा चुलत सासरा.

"हे काय, फोनांचं झाड लावलंय का?" पदूंनी विचारलं.

"रेंज हितंच येती, साहेब. खाली वाडीत नाय," गोमा म्हणाला. "मान्सं कामाला जातात, फोन हितं टांगून जातात. वाजला का मी उचलतो. निरोप घेतो. नायतर हाळी देतो."

"दुसऱ्याचा फोन तुम्ही उचलता?" मॅडम म्हणाल्या.

"मंग काय वाजत ठेवायचा?"

मॅडमनी एकेक फोन हातात घेऊन पाहिला. "आजोबा, लॉक एकालाही नाही!"

"आता लॉक लावल्यावं मी उचलायचा कसा वो, मॅडम? कुनाची लेक बाळंत झाली, कुनाचं मान्स गेलं, कळायचं कसं? लॉक लावनं म्हंजे शेजाऱ्याच्या तोंडावं दार लावनं. आमच्यात तसं नाय."

तेवढ्यात पारू आली. पेंढ्याचा भारा तिनं तसाच खाली टाकला. काय झालंय ते ऐकलं आणि ती त्या भाऱ्यावरच बसली.

"फोन तुझा, नंबर तुझा," मॅडम म्हणाल्या.

"फोन माजा, पर हात माजा नव्हता," पारू म्हणाली. "सुरेखाताईनं माज्या लग्नाचा चुडा भरला. माज्या पोरीला पैल्या बांगड्या तिनं घातल्या, त्या बी फुकट. मी तिचं असं करीन? मॅडम, मला तुरुंगात टाका, चालंल. पर तिला नका सांगू पारूनं केलं म्हनून."

मित्रांनो, असली वाक्यं मी पुष्कळ ऐकली आहेत. गुन्हेगारही गळा काढून रडतात आणि मी कुणाच्या रडण्याला भुलत नाही. पण तुरुंग चालेल, तिला सांगू नका, असं म्हणणारं कुणी मी तोवर पाहिलं नव्हतं.

गोमा मान खाली घालून टोपलीची कामटी नुसतीच वाकवत होता. मग हळूच म्हणाला, "मागं एक पोरगा आला व्हता वर. बाजारात दुकान हाय म्हनला. म्हनला, बाबा, फोनची रेंज वाढवून देतो. मी दोन-तीन फोन दिले त्याच्या हातात. पारूचा बी दिला."

"नाव काय त्याचं?"

"नाव कोन इचारतंय? पानी पाजलं, गेला."

मॅडमनी पारूचा फोन घेतला. पडदा तडकलेला. वरचा अर्धा भाग मेलेला, बोटाला जुमानतच नव्हता. त्यामुळे रेंज बंद करायचं बटण दाबता येईना. सिम बॅटरीच्या खाली, म्हणजे फोन बंद केल्याशिवाय ते निघेना. आणि फोन बंद केला तर आतली एखादी खूण हातची जायची भीती. उरले मीच. "पिशवी भक्कम हाय, मॅडम," पदू म्हणाले. त्यांचा डबा आदल्या दिवशीच माझ्यातून निघाला होता.

फोन माझ्या पोटात गेला तेव्हा पारूनं विचारलं, "आता कुनाचा फोन आला तर?"

"येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पारूला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. ती सकाळपासून बाकावर बसून होती. येणारेजाणारे तिच्याकडे बोट दाखवून कुजबुजत होते आणि ती आपली जमिनीकडे बघत होती. मॅडम, पदू आणि मी जीपमधून प्रयोगशाळेकडे निघालो. चौक गाव मागे पडलं आणि जुन्या हायवेला लागलो. तिथे टॉवरच टॉवर. लोधिवली जवळ आली असेल, आणि अचानक माझ्या पोटात कोंबडा आरवला.

हो, कोंबडा! पारूच्या फोनची रिंगच तशी होती. कुकूच कू, कुकूच कू, जीपभर नुसता गोंगाट. चालकानं करकचून ब्रेक मारला. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. जी पिशवी फोनला गप्प बसवते, तिच्या पोटात फोन वाजतोय, याचा अर्थ त्यांना क्षणात कळला. मोठी माणसं म्हणतात ना, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. ते मी त्या दिवशी स्वतःच्या पोटात ऐकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"उघडू का?" पदूंनी हात घातला.

"खबरदार!" मॅडम कडाडल्या. "उघडली तर पूर्ण रेंज मिळेल." आणि समोर दिसलं त्या पोळीभाजीच्या हॉटेलात त्या मला छातीशी धरून धावत शिरल्या.

गल्ल्यावर अंबाबाई नावाची मालकीण होती. तिनं आरवणारी पिशवी पाहिली आणि ती उठूनच उभी राहिली. "अगं बाई! जिता कोंबडा पिशवीत कोंबला काय गं? मरंल की तो!"

"मावशी, पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद द्या. सगळा रोल द्या. आधी द्या, मग बोला."

अंबाबाईनं मुकाट्यानं रोल पुढे केला. मॅडमनी मला त्या कागदात गुंडाळायला घेतलं. एक वेढा, दुसरा वेढा, वरून, खालून, आडवे, उभे. कोंबडा कुकू म्हणाला आणि 'च' वर अडकला. मग सारं शांत झालं. अंबाबाई माझ्याकडे पाहत म्हणाली, "गेला वाटतं बिचारा." त्या गडबडीतही मॅडमना हसू फुटलं. पदूंना मात्र हसू आलं नाही. त्यांना माझ्या कोपऱ्यातलं भोक दिसलं होतं आणि बोंबलाचा वासही आला होता. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

प्रयोगशाळेत रिया नावाची तरुण तज्ज्ञ होती. तिच्या खोलीत बाहेरची रेंज येतच नाही, तिथे मला उघडलं. "श्शी, मासे?" एवढंच ती म्हणाली आणि कामाला लागली. मित्रांनो, ही माणसं मूळ फोनमध्ये उगाच ढवळाढवळ करत नाहीत. आधी त्याची हुबेहूब प्रत काढतात आणि ती प्रत तपासतात. प्रतीत तिळाएवढाही फरक पडला तर लगेच कळावं, अशी त्यांची मोजणी असते. संध्याकाळपर्यंत ती मान मोडून बसली होती. शेवटी तिनं मॅडमना जवळ बोलावलं.

"निरोप या फोनवरून लिहिलेलाच नाही. या फोनला कुणीतरी आपला कॉम्प्युटर जोडून ठेवला होता. फोन थोडा वेळ हातात मिळाला की ते जमतं. मग तो माणूस आपल्या घरी बसून पारूच्या नावानं हवं ते पाठवू शकतो. इथे त्या जोडणीची नोंद आहे बघा."

"मग ती पुसली कशी नाही?"

"पुसलीच असती. तुम्ही वाडीवर गेल्याचं कळताच त्यानं त्याच्या बाजूनं जोडणी तोडली असणार. फोनला नेट मिळालं असतं, तर ते या फोनलाही कळलं असतं आणि ही नोंद इथून नाहीशी झाली असती. भोकातून फोनपुरती रेंज शिरली, नेटपुरती नाही. थोडक्यात वाचलात."

"आणि तो फोन कुणाचा होता? वाटेत आला तो?"

रियानं पाहिलं. तो आला होता वाडीतल्या सुनीलच्या फोनवरून. नंतर गोमानंच सांगितलं. पारू ठाण्यात, म्हणजे तिचा फोन तिच्याजवळच असणार, असं त्याला वाटलं. म्हणून ऐनाखाली उभं राहून त्यानं सुनीलच्या फोनवरचा पारूचा फोटो दाबला होता. सूनबाईनं सकाळपासून भाकर खाल्ली का, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्यानं ते विचारलं नसतं, तर माझं भोक कुणाला दिसलं नसतं. पुढच्या एखाद्या टॉवरखाली ती नोंद गेली असती आणि तिच्याबरोबर पारूही गेली असती.

पुढे निरोपांच्या त्या ॲपच्या कंपनीकडे विचारणा झाली, उत्तर यायला आठवडे लागले. त्या सगळ्या दिवसांत पारू बोलावलं की यायची, बाकावर बसायची आणि परत जायची. शेवटी माग बाजारातल्या एका दुकानाच्या इंटरनेटपर्यंत पोचला. बांगड्या आणि टिकल्यांचं दुकान, मालक ऋतिक. वाड्यांवरच्या बायका सुरेखाबाईंकडून बांगड्या भरतात आणि आपल्या दुकानाची पायरी चढत नाहीत, हे त्याला सलत होतं. त्यानं आधी कानांवर हात ठेवले. मग गोमानं त्याला ओळखलं. म्हणाला, "तुला पानी पाजलं व्हतं रं मी."

पारूवरचं किटाळ गेलं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो पदूंना. "सुरेखाताईला सांगितलं का?"

"सांगितलं," पदू म्हणाले.

"काय म्हनली?"

"म्हणाल्या, पारूनं नाय केलं ते बरं झालं. पर बाकीच्यांनी तर केलंच की."

मी टेबलाखाली पडल्या पडल्या ऐकत होते. खोटा निरोप कुणी पाठवला ते आम्ही शोधून काढलं, पण तो खरा मानून ज्यांनी हात उचलला, त्यांची प्रत कुठल्या प्रयोगशाळेत काढायची? तेव्हापासून माझा हा थकवा काही उतरलेला नाही.

कोर्टाच्या हुकमानं पारूचा फोन तिला परत मिळाला. मॅडम तो द्यायला स्वतः वाडीवर गेल्या. ठाण्यात माझ्याजागी नवी पिशवी आली होती आणि तिच्यावर पदूंनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी लावली होती, 'डबा ठेवू नये'. मी भंगारात निघाले होते. "पावसापाण्याला होईल," म्हणून मॅडमनी मला पारूलाच देऊन टाकलं.

ऐनाखाली वाडी जमली. मॅडमनी पारूच्या फोनचा पडदा नवा करून आणला होता. त्यांनी तिच्या फोनला लॉक लावला, तो गोमाच्या हातात दिला आणि स्वतःच्या फोनवरून रिंग दिली. कोंबडा आरवला. "उचला आजोबा."

"लॉक हाय की."

"उचला तर खरं."

गोमानं बोट फिरवलं आणि फोन उचलला गेला! लॉक तसाच. म्हातारा एकदा फोनकडे बघे, एकदा मॅडमकडे. "म्हंजे लॉक लावून बी शेजाऱ्याचा फोन उचलता येतो?"

"येतो. आलेला फोन कुणीही उचलावा. आतलं मात्र ज्याचं त्यानंच उघडावं."

"मंग हे आमाला आजवर कुनी सांगितलं कसं नाय?" गोमा म्हणाला.

मला फांदीला टांगलं. पारूचा फोन माझ्या पोटात ठेवून गोमानं माझं तोंड घट्ट चिकटवलं, अगदी प्रेमानं, पाणी शिरू नये म्हणून. मग काय, दिवसभर फोन वाजेना. संध्याकाळी पारूच्या ते ध्यानात आलं आणि किती दिवसांनी ती पोट धरून हसली. "अवो बाबा, फोन गप करायचीच पिशवी हाय ती!" तिनं विळ्यानं माझं झाकण कापून टाकलं. दुखलं नाही. खरं सांगू, बरंच वाटलं.

तेव्हापासून मी इथे आ वासून लोंबकळते आहे. तुम्ही मला विचाराल, एवढं पाहिलंस, आम्हाला काय सांगशील? मी शिकलेली नाही, मित्रांनो, मी नुसती दमलेली आहे. तुमच्या फोनला कुलूप लावा. एखाद्या माणसाचा फोटो घालून 'धरा, मारा' असं कुणी लिहून पाठवलं, तर तो निरोप तुमच्यापाशीच थांबवा. त्याला गप्प बसवायला माझ्यासारखी पिशवी लागत नाही, तुमचं एक बोट पुरतं. आणि तुमच्यासाठी झिजणाऱ्या वस्तूचं अस्तर अधूनमधून बघत जा.

सुरेखाबाई अजून वाडीवर आलेल्या नाहीत. त्यांचा हात जुळला म्हणतात, पण टोपली त्यांनी माळ्यावर टाकली आहे. पारूनं दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. तिच्या जुन्या बांगड्या कधीच पिचल्या, पण बाजारच्या तिनं घेतल्या नाहीत. तिचे हात अजून मोकळेच आहेत आणि वाडीतल्या इतर बायकांचेही.

काल सकाळी ऊन चढत असताना माझ्या पोटात कोंबडा आरवला. खाली पारू नव्हती. गोमानं टोपली बाजूला सारली, फोन काढला, कानाला लावला आणि निरोप ऐकून घेतला. मग उताराकडे तोंड करून, सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी त्यानं हाळी दिली.

"पारू गंऽऽ! बांगडीवाली बोलतीया! इचारती, तुज्या पोरीचं मनगाट आता केवढं झालं?"